सहीचा वाद अर्धा ठेवून गेलास, संपत

संपत,

काल अकोल्याला वकिलांच्या बाररूममध्ये तुझी शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिला वक्ता म्हणाला, संपतराव शांततेचे पुजारी होते, अण्वस्त्रांच्या करारावर भारतानं सही करावी ही त्यांची शेवटची इच्छा होती. दुसरा उठला आणि म्हणाला, संपतराव कडवे देशाभिमानी होते, परक्यांनी लिहिलेल्या कागदावर देशानं सही करू नये असं ते शेवटपर्यंत ठणकावून सांगत. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण त्यांनी मिळून जो माणूस उभा केला, त्याला मी ओळखत नव्हतो. अध्यक्षांनी विचारलं, "प्राध्यापक, तुम्ही दोन शब्द बोलता का?" मी मान हलवून नाही म्हटलं. मला तुझ्याशी बोलायची सवय आहे. तुझ्याविषयी बोलायची नाही.

म्हणून हे तुझ्याशीच.

परतीच्या गाडीत मी खिडकीची जागा रिकामी ठेवली. एका बाईनं विचारलं, "कोनी बसलं हाय का इथी?" मी "हो" म्हणून गेलो. ती पुढं निघून गेली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी त्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू द्यावंसं वाटलं नाही. संपत, मी इतिहास शिकवणारा माणूस. मेलेली माणसं पुस्तकात असतात असं पोरांना सांगत आलोय.

आपली ओळख झाली तेव्हा तू फौजेतून सुटून अमरावतीच्या कॉलेजात आला होतास. आम्ही मिसरूड फुटलेली पोरं, आणि तू खाकी पँटीतला, जाड तळाच्या बुटांतला मोठा माणूस. मी अंजनगावच्या शेतकरी घरातला, तू बार्शीटाकळीकडच्या खेड्यातला. पहिल्या दिवशी मी "अहो" म्हटलं तर तू म्हणालास, "मले अहोजाहो करू नको. फौजेच्या दवाखान्यात मी चादरी बदलत होतो. कोनाचा सायब नव्हतो." लढाई संपल्यावर हिंदी पलटणींबरोबर तू जपानात राहून आला होतास हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पोरं विचारायची, "संपत, जपान कसं हाय?" तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "थंडी लय." एवढंच. त्यापुढं कधी एक शब्द नाही.

आपला वाद सुरू झाला तो अमरावतीच्या वाचनालयात. तेव्हा तू नागपूरला वकिली शिकत होतास आणि सुट्टीत माझ्या खोलीवर उतरायचास. त्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती. दूर समुद्रात अमेरिकेनं बॉम्बची चाचणी केली, त्याची पांढरी राख कितीतरी लांब असलेल्या एका जपानी मासेमारी नावेवर पडली. नावेतली माणसं आजारी पडली आणि पकडलेले मासे फेकून द्यावे लागले. तू बातमी मोठ्यानं वाचत होतास. मध्येच थांबलास. मग विचारलंस, "वसंता, समुद्र कोनाचा असते?"

"ज्याच्याजवळ आरमार, त्याचा," मी थट्टेनं म्हणालो.

"अन् वारा?"

मला हसू आलं. तुला आलं नाही. तू म्हणालास, राख उडवणारा एक आणि ज्याच्या ताटात पडली तो दुसराच, तर या दुसऱ्यानं कुठं जावं? सगळ्या देशांनी मिळून एक कागद करावा, त्यावर सह्या कराव्या, आणि ज्यानं मोडला त्याला सगळ्यांनी जाब विचारावा. मी त्या दिवसांत नव्या देशाच्या नशेत होतो. म्हणालो, "दीडशे वर्षं आपल्या नावानं दुसऱ्यानं सह्या केल्या. आता कुठी पेन आपल्या हातात आलं. आता आपल्याले कोनी सांगू नये, हे करा अन् ते करू नका."

"पेन राहू दे तुयाच हातात," तू म्हणालास. "पन वारा काई सरहद्दीवर थांबून इचारत नाई, इथी कोनाचं राज्य हाय मनून. सगळ्याइच्या वर कोनी तरी पायजे, वसंता."

"सगळ्याइच्या वर पुन्हा इंग्रजच जाऊन बसन."

यावर मात्र तू हसलास. ग्रंथपालानं आपल्याला बाहेर घालवलं. बाहेर रस्त्यावर उभे राहून आपण तेच बोलत राहिलो. तेव्हा वाटलंही नव्हतं, की हे बोलणं उभ्या आयुष्याला पुरेल.

मग तू नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतलीस. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर आपली गाठ पडली. गाडीतून नुसता पांढऱ्या कपड्यांचा लोंढा उतरत होता, आणि त्यात तू आणि गिरजावहिनी. वहिनींच्या पायाला फोड आले होते आणि त्या हसत होत्या. तू माझा हात धरलास. "आज मी माया तोंडानं शपथ घेतली. पाच गोष्टी करनार नाई म्हतलं. कोनी घ्याले लावली नाई, वसंता. मीनंच घेतली." मी म्हणालो, "चांगलं झालं." इतका सुंदर चेहरा मी तुझा पुन्हा पाहिला नाही.

चीनशी लढाई झाली आणि फौजेत असलेला माझा धाकटा भाऊ मनोहर, आमचा मन्या, बर्फात राहिला. तार आली, त्यात 'बेपत्ता' असं होतं. पुढं त्याची ट्रंक आली. तो आला नाही. आईनं ट्रंक उघडू दिली नाही. ती म्हणायची, "थ्याची हाय. थो आला का उघडन." तू अकोल्याहून अंजनगावला आलास आणि अंगणात आईच्या समोर खाली बसून राहिलास. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. गावातले सगळे येऊन देशासाठी, अमर, धन्य असलं बोलून जात होते. सगळे गेल्यावर आई मला म्हणाली, "थो वकील बरा. थो काई बोलला नाई."

मी आईला अमरावतीला माझ्याजवळ घेऊन आलो. माझ्यातही काहीतरी गोठलं होतं. वर्गात नकाशा लावला की माझं बोट त्या उत्तरेच्या रेघेवरून सरकायचं नाही.

पुढच्याच वर्षी तो पहिला करार झाला. हवेत, पाण्यात, आभाळात कुणी बॉम्बच्या चाचण्या करायच्या नाहीत असा. आपल्या देशानं त्यावर सही केली. तू पेढे घेऊन अमरावतीला आलास. इतक्या वर्षांनी तुझं कुणीतरी ऐकलं होतं. दारातच म्हणालास, "आता ढग साफ राह्यतीन, वसंता."

मी पेढा घेतला नाही. म्हणालो, "दुश्मन उरावर बसला हाय अन् आपन हात बांधून घेऊन राहिलो. मायी माय ट्रंकीजवळ बसून राह्यते दिवसभर. तिले सांग ढग साफ झाले मनून."

तू खरंच आत गेलास. आईच्या हातावर पेढा ठेवलास. काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आलास, चपला घातल्यास आणि गेलास. कितीतरी महिने आपण बोललो नाही.

मग शेजारच्या चीननं बॉम्ब फोडला. करारावर त्याची सही नव्हतीच. अमरावतीत सभांचं पीक आलं. एका शाळेच्या सभागृहात जाहीर सभा ठरली. 'भारतानं कोणत्याही कराराची पर्वा न करता अणुबॉम्ब बनवावा' असा ठराव होता, आणि तो लिहिला होता मी. मांडणारही मीच होतो. आईला वीरमाता म्हणून व्यासपीठावर खुर्चीत बसवलं होतं. तिला खुर्चीत बसायची सवय नव्हती. पाय अधांतरी राहिल्यानं ती अवघडली होती.

मी बोललो. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात तू मधल्या रांगेतून उठलास. तू आला आहेस हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तू अध्यक्षांकडं बोलायची परवानगी मागितलीस. मागून कुणीतरी बोललं, "यायले देशाचं काय पडलं हाय?" कुणाला उद्देशून आणि कशासाठी, ते सभागृहात प्रत्येकाला कळलं. तू वळून पाहिलंस आणि शांतपणे म्हणालास, "मी खाकी घातली तवा तू पाटीवर गिरवत असशीन, बापू." लोक हसले. मग तू पुढं आलास.

"ठरावाले मायी हरकत नाई," तू म्हणालास. "फक्त एक ओळ वाढवा. बॉम्ब तयार झाला तं तो कोनत्या शहरावर टाकाचा, त्या शहराचं नाव ठरावात लिहा. नाव लिहलं का पयली सही मायी."

कुणीतरी म्हणालं, "टाकायचा नाही हो, नुसता धाक म्हणून ठेवायचा."

"धाक बी कोन्या तरी गावालेच दाखवाचा असते ना? मंग थ्या गावाचं नाव लिहा."

ठराव माझ्या हातात होता, पेन्सिलही होती. सगळे माझ्याकडं पाहू लागले. त्या देशातल्या शहरांची नावं मी रोज फळ्यावर लिहीत होतो. नद्या, लोकसंख्या, कोणत्या गावात रेशीम होतं, सगळं मला पाठ होतं. हात चालला नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि ती ओळ न घालताच ठराव मताला टाकला. सगळे हात वर गेले. माझाही गेला. विरोधात फक्त तुझा हात. आईचे दोन्ही हात मांडीवरच होते.

घरी परतताना टांग्यात ती अवघडलेले पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "या ठरावानं मन्या येते का?"

"नाही, माय."

"मंग तुनं हात काहून वर केला?"

टांगेवाल्यानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला गाठायला स्टेशनवर आलो. भांडायलाच आलो होतो. बडनेऱ्याचं तिकीट काढलं आणि तुझ्या डब्यात चढलो. गाडी हलल्याबरोबर म्हणालो, "शहराचं नाव लिहा म्हनून माया मायच्या समोर मले पाडलं तू."

तू खिडकीतून बाहेर पाहत होतास. कापूस वेचणाऱ्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या. तू म्हणालास, "मी एका शहरात गेल्तो, वसंता." आणि मग जे कॉलेजच्या पोरांना, बायकोला, कुणालाच सांगितलं नव्हतंस, ते त्या छोट्या गाडीत सांगितलंस.

तुमचा दवाखाना दुसऱ्या गावात होता. एकदा औषधांच्या पेट्या आणायला तुम्हाला हिरोशिमाला पाठवलं. बॉम्ब पडून काही महिने झाले होते. ढिगारे बाजूला सारलेले होते आणि जमीन नांगरून ठेवल्यासारखी सपाट होती. त्या सपाटीतून एक ट्राम चालू होती. साहेब कागदपत्रांत अडकला होता म्हणून तू आणि तुझा सोबती त्या ट्राममध्ये चढून बसलात. ट्राम भरलेली होती. माणसं नीट बसली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कंडक्टर बाई होती, पोरसवदा. ती एकेका थांब्याचं नाव पुकारायची. नाव पुकारलं की ट्राम थांबायची आणि माणसं उतरायची. तू वाकून पाहिलंस. थांब्याला काहीच नव्हतं. घर नाही, झाड नाही, भिंत नाही. उतरलेली माणसं टोप्या नीट करून आपापल्या दिशेनं चालू लागायची, जसं आपण चौकात उतरून गल्लीत वळतो तसं. गल्ली नव्हती, तरी ती माणसं वळत होती.

"थ्या पोरीचा आवाज लय साफ होता," तू म्हणालास. "ती एका बी मोहल्ल्याचं नाव गाळत नव्हती. मले जपानी येत नाई, पन ते नावं मले आजबी येतात." आणि तू ती नावं म्हणून दाखवलीस, एकामागून एक, हळू आवाजात. समोरच्या बाकावर बसलेली म्हातारी तुझ्याकडं पाहू लागली. तिला वाटलं असेल, काहीतरी मंत्र म्हणतोय.

"म्हनून मी म्हतलं, नाव लिहा," तू म्हणालास. "नाव लिहलं का टाकनं कठीन जाते."

बडनेऱ्याला तू मुंबईकडच्या गाडीत बसलास. मी फलाटावर उभा राहिलो. भांडायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून ती ट्राम माझ्या मागं लागली. तुझी आठवण तू मला देऊन टाकलीस आणि मोकळा झालास असं मला कधी कधी वाटायचं. अमरावतीत मोटारीच्या कंडक्टरनं "राजकमल" म्हणून चौकाचं नाव पुकारलं की वाटायचं, उतरलो आणि बाहेर काहीच नसलं तर? मन्या गेल्याचा राग गेला नाही, पण त्याच्या बाजूला हे दुसरं येऊन बसलं. पुढं पाकिस्तानशी लढाई झाली, पुन्हा बॉम्बच्या सभा झाल्या. मी गेलो नाही. हळूहळू वर्गात मी तुझी भाषा बोलू लागलो. वारा सरहद्द ओळखत नाही, देशाच्या हक्कालाही शीव असते, असं पोरांना सांगू लागलो.

म्हणून यंदा जेव्हा तो नवा करार पुढं आला, तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन थेट अकोल्याला आलो. करार असा, की ज्या पाच देशांजवळ आज बॉम्ब आहेत त्यांच्याजवळ ते राहतील, आणि बाकीच्या देशांनी आम्ही कधीच बनवणार नाही असं लिहून द्यावं. आपलं सरकार सही करायला तयार नव्हतं. मला वाटलं, तू पेटला असशील. दोघांनी मिळून लेख लिहू, सभा घेऊ. त्या ठरावाच्या सभेचं तुझं देणं माझ्याकडून राहिलेलं होतं.

तू ओट्यावर आरामखुर्चीत बसला होतास. त्या महिन्यांत तू लवकर थकत होतास, रंग उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरनं रक्तात दोष सांगितला होता. मी बातमी पुढं धरली. तू चष्मा लावून सगळी वाचलीस आणि घडी घालून परत दिलीस.

"सही करू नये."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय म्हनतं?"

"करू नये सही. असा कागद मी पाह्यला हाय, वसंता. आमच्या गावात होता. बंदूक पाटलाजवळ राहीन, बाकीच्याइनं लाठी बी धरू नये, त्यातच गावाची शांती. लिहलेला नव्हता, पन समद्याइले पाठ होता. नेम करनारा नेमाच्या बाहेर. हे मले कोनी शिकवाले नको."

"अन् ट्राम?" मी विचारलं. माझा आवाज चढला. "ते नावं? मले देऊन बसला तू ते सगळं, अन् आता बॉम्ब पायजे तुले?"

"बॉम्ब नाई पायजे. कदीच नाई. बनवू बी नये अन् सही बी करू नये."

"दोन्ही कसं?"

"मी दीक्षा घेतली तवा पाच गोष्टी सोडल्या. मायाहून सोडल्या. मनून ते शील झालं. त्याच पाच गोष्टी पाटलानं स्वतः करत राहून मायाकडून लिहून घेतल्या असत्या, तं ती वेठ झाली असती. माया बापानं वेठ केली. मी नाई करनार. देशानं आपल्या तोंडानं सांगावं, आमी बनवत नाई मनून. जगासमोर सांगावं. पन पाच जनाइच्या दारात उभं राहून आंगठा लावू नये."

गिरजावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मला एकदम जाणवलं, की वाचनालयात मी जिथं बसलो होतो तिथं आज तू बसला आहेस, आणि तुझ्या जागेवर मी. आपण एकमेकांना इतकं पटवलं होतं, की दोघांनी जागा बदलल्या होत्या. पण ते तसंही नव्हतं. मी 'सही आपली' म्हणायचो ती पोरसवदा घमेंड होती. तू म्हणत होतास त्याच्या मागं पिढ्यांची पाठ वाकलेली होती.

तरी मी सोडलं नाही. म्हणालो, "संपत, तू सही नको म्हनतं ते शीलासाठी. पन दिल्लीत जे नको म्हनून राहिले, ते समदे शीलवाले हायेत काय? त्याइच्यात असेबी असतीन, ज्याइले हात मोकळा ठेवाचा हाय. उद्या ते बॉम्ब बनवतीन. अन् तुयाच तोंडचं वाक्य पुढं करतीन, आमी वेठ करनार नाई मनून. तवा तुया शीलाचं काय? कागदावर सही असती तं निदान दाखवता आली असती, हे पाहा, तुमी लिहून देल्लं होतं."

चहावर साय धरली. कोर्टात तुला असा गप्प कुणी पाहिला नसेल. शेवटी म्हणालास, "हे मायाजवळ नाई, वसंता. याचं उत्तर नाई मायाजवळ. इचार करतो. अमरावतीले येतो अन् सांगतो."

तू आला नाहीस. मीच येत राहिलो, दर सुट्टीला. आधी ओट्यावर, मग आतल्या खाटेवर, मग दवाखान्यात. तू उत्तराचा विषय काढला नाहीस आणि मी विचारलं नाही. आजारी माणसाला जाब काय विचारायचा? आपण मोर्शीच्या संत्र्यांबद्दल बोललो, माझ्या वर्गातल्या वात्रट पोरांबद्दल बोललो. एकदा तू डोळे मिटून होतास आणि ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. थांब्यांची नावं होती. मी तुझा हात धरून बसलो, आणि तू चुकलास तिथं पुढचं नाव मी सांगितलं. तू डोळे उघडलेस. मला ती सगळी पाठ झाली आहेत हे तुला तोवर माहीत नव्हतं. तू नुसतं पाहिलंस. माझ्यावर तुझे जे उपकार आहेत त्यांत हे एक पाहणं मी वेगळं ठेवलं आहे.

तू गेल्यावर गिरजावहिनींनी मला बाजूला बोलावून विचारलं, "भाऊजी, तुमी शिकलेले हा. तिकून काई आलं असन काय याइच्या संगं? त्या गावाहून?" मी नागपूरच्या डॉक्टरला हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, असेलही, नसेलही, असे आजार कुणालाही होतात, आता कळायला मार्ग नाही. मी वहिनींना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग जाब कोनाले इचारावं?" वाचनालयात तू हेच विचारलं होतंस. तेव्हा मी हसलो होतो.

शोकसभेत मी बोललो नाही ते यासाठी. काय सांगणार होतो? की हा माणूस सही करा म्हणत होता आणि सही करू नकाही म्हणत होता, आणि दोन्ही वेळा एकाच कारणासाठी म्हणत होता? कमजोराच्या ताटात दुसऱ्याची राख पडू नये, आणि कमजोराच्या मानेवर दुसऱ्याचा पायही पडू नये. तुला दोन्ही हवं होतं. असा कागद अजून जगात कुणी लिहिलेला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "मंग लिहा ना." आणि मी म्हणालो असतो, "लिहनार कोन? ज्याच्याजवळ बॉम्ब तोच ना?" आणि झालं असतं पुन्हा सुरू.

आता एकच सांगायचं राहिलं आणि ते सांगावं की नाही, हे मला कळत नाही.

आईचं हल्ली विसरणं वाढलं आहे. तू गेल्याचं मी तिला सांगितलं, तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विसरली. काल शोकसभेहून मी परतलो तर ती दारातच बसली होती. म्हणाली, "कुठी होता तू? वकील येऊन गेला ना."

मी चपला काढत होतो.

"दुपारी आल्ता," ती म्हणाली. "लय वाट पायली तुयी. मी म्हतलं, पानी घे, तं माया हातानं मडक्यातून काढून देल्लं. पेला बी घरातलाच देल्ला." हे ती मुद्दाम, जरा अभिमानानं सांगत होती. तू पहिल्यांदा अंजनगावच्या घरी आलास तेव्हा तिनं तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं आणि तू ते पिऊन निमूट हात पुसले होतेस. ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. विसरलीही नव्हती.

आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पितळी पेला होता. रिकामा. म्हातारीनंच पाणी पिऊन ठेवला असेल, हे मला कळत होतं. मी शिकलेला माणूस आहे, संपत. तरी मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, "माय, त्यानं काई सांगतलं काय? मायासाठी काई उत्तर ठेवलं?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या.

"सांगतलं काई नाई," ती म्हणाली. "थोच इचारत होता. म्हने, वसंतानं काय ठरवलं?"

अजून काही ठरवता आलेलं नाही, संपत. परत आलास तर तिला तेवढं सांग.